मुकादमबाईंची पहिली तक्रार

३ जानेवारी

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार घालायला वाकले तर कडेवरचं पोर घसरेल, म्हणून या खेपेला उभ्यानंच नमस्कार. हो, पोर. चष्मा पुसू नकोस, बरोबर वाचलंस.

कोर्टाचा कागद गेल्या आठवड्यात मिळाला आणि चार दिवसांपूर्वी मी तिला घरी आणली. अर्ज करून चौदा महिने झाले होते. एवढ्या काळात या शहरातल्या सरकारी जिन्यांची एकेक पायरी मी ओळखायला लागले, कारण कचेऱ्यांमधल्या लिफ्ट कायम बंद, आणि त्या आमच्या कंपनीच्या नाहीत. जाऊ दे. आता ती माझी. अकरा महिन्यांची मुलगी, खाली दोन दात, डोक्यावर ब्रशसारखे उभे केस, आणि नजर अशी की साधा चहा गाळतानासुद्धा आपलं काही चुकतंय की काय असं वाटावं. कागदावर तिला नाव आहे. मी मुकादम म्हणते.

तुला लिहिलं होतं ना, बालगृहात पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांची सामानाची लिफ्ट अडकली होती, आणि मुलं बघणं राहिलं बाजूला, मी आधी पाना काढला. ही तेव्हा पाच महिन्यांची. दारापाशी पाळण्यात पडून दोन तास माझं काम बघत होती. हूं नाही की चूं नाही. तीस पोरं असूनही तो हॉल इतका शांत, की माझ्या पान्याचा आवाज घुमत होता. मी म्हटलं, काय शिस्त आहे!

आणि खरंच तशीच आहे गं ती. घरी आल्यापासून एकदाही रडली नाही. शेजारीण मला घाबरवत होती, पहिले आठ दिवस छप्पर डोक्यावर घेईल म्हणून. कसलं काय! आमच्या धंद्यात आवाज आला की समजायचं, बिघडलं. करकर झाली की बेअरिंग, खडखड झाली की दोर. ज्या इमारतीची तक्रारवही कोरी, तिथं मी चहा पिऊन परत येते. माझ्या पोरीची तक्रारवही कोरी आहे, मावशी.

आता पुढचं. महिनाभरानं अधिकारीबाई घरी येऊन आम्हा दोघींना बघणार, सही करणार, मग मुकादमाचा प्रवासाचा कागद मिळणार. इथलं माझं काम फेब्रुवारीत संपतंय. तेवीस तारखेची तिकिटं काढली आहेत. आधी अकरा तास, मध्ये पाच तास थांबा, मग सात तास, आणि मग तुम्हा दोघी बहिणींचं घर. लोक म्हणतात एवढ्याशा पोराला घेऊन एकटी देश ओलांडणार? मी अठरा मजल्यांच्या पोकळीत दोराला लटकून काम करते. विमानात तर बसायला खुर्ची असते.

फोन केला असता, पण फोनवर तू नुसती 'कोण? कोण?' करतेस आणि पैसे संपतात. हे पत्र आईला वाचून दाखव. माझ्या मागच्या तीन पत्रांना तिचं उत्तर नाही, पण ती काही बोललीही नाही, म्हणजे तिला पटलेलं दिसतंय.

तुझी,
उचापत (बढती मिळून आई झालेली)


११ जानेवारी

प्रिय उचापत,

तुला एक आशीर्वाद, मुकादमबाईंना दोन. तुझं पत्र मी दारातच वाचलं आणि दारातच रडले. पोस्टमन घाबरला. म्हणाला, "सिस्टर, वाईट बातमी का?" म्हटलं, "अरे बाबा, नात झाली." तर तो विचारतो, "वजन किती?" बत्तीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात मी जगाच्या पोरांची वजनं लिहिली, आणि स्वतःच्या नातीचं वजन मला ठाऊक नाही! उलट टपाली कळव.

तुझ्या आईचा गुडघा धरलाय, म्हणून ती लिहीत नाही. गुडघ्यानं कोण लिहितं असं विचारू नकोस. पत्र वाचून दाखवलं. ताईनं ऐकलं, मग उठून इस्त्री गरम केली. लाँड्रीचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली तरी हात कुठे स्वस्थ बसतो तिचा. चादरी झाल्या, पडदे झाले, काल पायपुसणं घेऊन बसली होती.

आता एक विचारते. रडत नाही म्हणजे नेमकं काय? भूक लागली की काय करते? ओली झाली की? पडली की? इंजेक्शन टोचलं की? तुझं कौतुक घटकाभर बाजूला ठेव आणि आम्ही वॉर्डात लिहायचो तसं लिही, झालं ते झालं.

पोरीला उन्हात थोडी बसव. तूही बस.

मावशी


१८ जानेवारी

ती. मावशी,

सात किलो सहाशे. मालाचा काटा नाही, दवाखान्यातला आहे. पोस्टमनला सांग.

तुला वॉर्डासारखं हवंय ना, घे. भूक लागते तेव्हा मूठ चोखते. मला घड्याळ लावून दूध द्यावं लागतं, स्वतः मागत नाही. ओली झाली तर ओली पडून राहते, हात लावल्यावर कळतं. सोमवारी पलंगावरून पडली. कपाळावर टेंगूळ आलं, एवढं लिंबाएवढं, माझाच जीव अर्धा झाला. ती? तिनं एकदा डोळे मिटले आणि उघडले. बुधवारी इंजेक्शन होतं. रांगेतली सगळी पोरं भोकाड पसरून बसलेली आणि आमच्या मुकादमबाई सुईकडे अशा बघतायत की जणू आता सहीच करायची आहे. डॉक्टर म्हणाले, "अशी शूर पोर मी बघितली नाही." मी कॉलर ताठ करून बाहेर आले.

सकाळी मला जाग येते तेव्हा ती आधीच जागी असते. छताकडे बघत पडलेली. किती वेळ जागी असते कोण जाणे. मला उठवत नाही बिचारी. एवढीशी असून समजूत बघ! कामावर पाळणाघरात ठेवते तिथल्या बाईही म्हणतात, ही आहे की नाही तेच कळत नाही.

विमानात लोक माझे आभार मानतील. हे मी आजच लिहून ठेवते.

आईला सांग, गुडघ्याला शेक दे आणि चार ओळी लिही. नाही लिहिल्या तरी चालेल. तिचा स्वभाव मला माहीत आहे. तिला एखादी गोष्ट खुपली असती तर तिनं एव्हाना घर डोक्यावर घेतलं असतं.

तुझी,
उचापत


२७ जानेवारी

प्रिय उचापत,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. चौथ्यांदा सरळ लिहिते, कारण तुझ्याशी आडून बोललेलं तुला कधी कळलेलं नाही.

आमच्या वॉर्डात एक पोर होतं. आई बाळंतपणात गेली, बापाचा पत्ता नाही. कागदपत्रं होईपर्यंत चार महिने आमच्याकडेच राहिलं. पहिला महिना रडून रडून वॉर्ड हलवायचं. आम्ही पाळीला दोघी, बाळंतिणी बावीस. जमेल तेव्हा जायचो, आणि बहुतेक वेळा जमायचं नाही. दुसऱ्या महिन्यात त्याचं रडणं कमी झालं. तिसऱ्यात थांबलं. सगळ्या म्हणायला लागलो, "शहाणं झालं हो आता!" मीसुद्धा म्हणाले. मग एक दिवस मोठ्या डॉक्टरीणबाई पाळण्यापाशी उभ्या राहिल्या, बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, हे शहाणं नाही झालं. यानं आपला नाद सोडला."

ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटते म्हणून.

मूल रडतं ना, ते नुसतं दुखतं म्हणून नाही. कुणीतरी येईल म्हणून रडतं. जिला ठाऊकच नाही की कुणी येतं, ती कशाला घसा कोरडा करेल? तुझी मुकादम शूर नाही गं. तिला अजून कुणी सांगितलेलंच नाही की तिला आई आहे.

घाबरू नकोस, हे भरून येतं. मी भरून आलेलं पाहिलं आहे. पण तुला तिच्या हाकेची वाट बघून चालणार नाही. ती हाक मारणार नाही, तरी तू जा. डोळे उघडायच्या आत जा. ओली व्हायच्या आत जा. पाळणाघर बंद कर. जुन्या चादरीनं पोटाशी बांध आणि घरभर फिर. दूध दुसऱ्या कुणाच्या हातून देऊ नकोस. तिनं तुला वैताग आणला पाहिजे, इथपर्यंत तिला पोचव.

आणि लिहायला बसलेच आहे तर दुसरंही सांगते. तुझ्या आईचा गुडघा ठणठणीत आहे. तिला हे पटलेलं नाही. तुझं पत्र आलं की ती उठून जाते. एकदाच बोलली, "एकटीनं पोर वाढवणं म्हणजे काय ते मला विचारा. पण तिनं मला विचारलं होतं का?" तेव्हापासून गप्प. तू दोघींच्या गप्प बसण्याचा अर्थ उलटाच लावलास, पोरी.

रागावलीस तरी चालेल. पण पत्र फाडू नकोस.

मावशी


२ फेब्रुवारी

मावशी,

पत्र फाडलेलं नाही. पण वाटलं होतं.

काल अधिकारीबाई येऊन गेल्या. दीड तास बसल्या. मुकादम त्यांच्या मांडीवर गेली, कुठेही रडारड नाही. कागदावर त्यांनी काय लिहिलं ठाऊक आहे? 'मूल शांत व समाधानी आहे.' शिक्क्यासह. त्यांनी मुलीला डोळ्यांनी बघून लिहिलंय. तू हजारो मैलांवरून, चष्म्यातून, माझ्याच अक्षरात बघतेस आणि खोट काढतेस. तुम्ही वॉर्डवाल्या बायका निरोगी माणसालाही जीभ दाखवायला लावता.

पाळणाघर मी बंद करणार नाही. मला शेवटची तीन कामं उरकायची आहेत.

आईला सांग, तिनं विमानतळावर यायची तसदी घेऊ नये. आम्ही दोघी टॅक्सी करू.

उचापत


१० फेब्रुवारी

ती. मावशी,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहिते आहे. मागचं पत्र मिळालं असेल तर ते इस्त्रीखाली घाल आणि जाळ.

परवा सकाळी मुकादमला पाळण्यात ठेवून, हातात बाटली देऊन, पाच मिनिटांत आंघोळ उरकायला गेले. बाहेर यायला लागले तर बाथरूमची कडी अडकलेली. हास. जगभरातल्या अडकलेल्या माणसांना बाहेर काढणारी मी, आणि मला साधी कडी निघेना. हत्यारांची पेटी बाहेर, मुकादमापाशी. दारावर धक्के मारले, शेजारणीला हाका मारल्या, ती कामावर गेलेली. मग मुकादमाशी बोलायला लागले. "आले हं, आईला कडीनं धरलंय, आले." गाणी म्हटली. जी येत नाहीत तीही म्हटली. बाहेरून आवाज नाही. मावशी, दाराच्या त्या बाजूनं काहीही आवाज नाही. पडली की काय, तोंडात काही गेलं की काय, मी तिथं ओल्या फरशीवर बसून देवाला नको नको ते कबूल केलं. शेवटी कंगव्याच्या दांड्यानं बिजागरीची खीळ वर ढकलत ढकलत दारच काढलं. चाळीस मिनिटं लागली.

पोरगी पाळण्यात होती. बाटली हातातून निसटून पायापाशी गेलेली, दूध तसंच. खालून मानेपर्यंत भिजलेली. डोळे उघडे, छताकडे. मी दार आपटून पाडलं, एवढा धडाका झाला, धावत आले, आणि तिनं मान वळवली नाही.

दाराचा आवाज तिच्यासाठी असतो हे तिला माहीतच नव्हतं.

मी तिला उचललं आणि पाळण्यापाशी खाली बसून ओक्साबोक्शी रडले. आमच्या घरात पहिलं रडणं हे असं झालं.

मग एक आठवलं. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक इमारत होती, सगळी म्हातारी माणसं. तीन महिने तक्रारवही कोरी. मी दर वेळी सही करायचे, चहा प्यायचे. एकदा सहज आत शिरून धोक्याची घंटा दाबली, तर वाजेचना. तार केव्हाची तुटलेली. म्हातारे आत अडकायचे, घंटा दाबायचे, कुणी यायचं नाही. मग त्यांनी दाबणंच सोडलं आणि जिन्यानं जायला लागले. मी कोऱ्या वहीवर सह्या करत होते. बालगृहातला तो शांत हॉल आठवतो का? तीस पोरं आणि फक्त माझ्या पान्याचा आवाज. शिस्त म्हणाले होते मी त्याला.

पाळणाघर बंद केलं. राहिलेली कामं दुसऱ्याला दिली, साहेब ओरडले, ओरडू देत. तुझ्या सांगण्याप्रमाणे चादरीनं पोटाशी बांधून फिरते आहे. दर थोड्या वेळानं कारण नसताना जाते आणि म्हणते, "आले हं." ती माझ्याकडे अशी बघते की, मी बोलावलं होतं का?

तेवीसला प्रवास आहे. अठरा तास विमानं, परकी माणसं. पुढे ढकलू का? आत्ता कुठे दोन दिवस झालेत. तू म्हणशील तसं. आणि मला माफ कर.

तुझी,
उचापत


१७ फेब्रुवारी

प्रिय उचापत,

माफीबिफी काही नको, मला वजन कळव दर आठवड्याला, तेवढं पुरे.

पुढे ढकलायचं नाही. ये. उलट बरंच आहे. विमानात तुला कुठे जाता येणार नाही, अठरा तास एकच मांडी. तेच औषध आहे. फक्त एक कर, तिला दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस. हवाई सुंदरी कितीही गोड हसली तरी नाही. शेजारच्या आजीबाई 'द्या हो, तुम्ही जेवून घ्या' म्हणाल्या तरी नाही. उपाशी राहा. लघवीला गेलीस तर घेऊन जा. आणि कडी लावू नकोस!

दोन दिवसांत तिला कळलं नाही म्हणून हिरमुसू नकोस. अकरा महिने कुणी आलं नाही, तिला खात्री पटायला वेळ लागेल. तुझ्या घंटेची तार जोडायला किती दिवस लागले होते गं?

आता घरातलं. तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचलं. ताई नेहमीसारखी उठली. मी थांबले नाही, वाचत राहिले. दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. बाथरूमचं सगळं ऐकलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "चाळीस मिनिटं?" मी म्हटलं, हो. मग म्हणाली, "आणि मान वळवली नाही?" मी म्हटलं, नाही. बस्स, एवढंच. तिच्या खोलीत गेली.

काल बाजारातून मऊ कापड आणलं आहे तिनं, पाच मीटर. लंगोट शिवते आहे आणि एकेक इस्त्री करून चळत लावते आहे. मी विचारलं, कुणासाठी गं? तर म्हणाली, "कापड स्वस्त मिळालं." तुझ्या आईला मी साठ वर्षं ओळखते, तरी मी तुला कसलाही शब्द देत नाही. पण ती स्वस्तातलं कापड घेणारी बाई नाही, हे तुलाही माहीत आहे.

विमानतळावर मी आहेच. टॅक्सी करशील तर बघ.

मावशी


२४ फेब्रुवारी, विमानात

ती. मावशी,

हे टपालात टाकणार नाही, उतरल्यावर तुझ्या हातात देईन. तोंडानं सांगायला गेले तर मला मध्येच रडू फुटेल आणि विमानतळावर तमाशा होईल. एक तमाशा करून आलेच आहे, तोच सांगते. घरी गेल्यावर मोठ्यानं वाच. आईला ऐकायचं असेल तर दारात उभी राहू दे.

तुझं सगळं पाळलं. पहिले अकरा तास कुणाच्या हातात दिली नाही. एका हातानं जेवले, म्हणजे अर्धं जेवण मुकादमाच्या केसांत गेलं. तिला चादरीनं बांधलेली होती. दर थोड्या वेळानं मी म्हणायचे, "आहे हं." ती बघायची. रडली नाही. शेजारचा माणूस म्हणाला, "किती गुणी बाळ आहे तुमचं!" पूर्वी असतं तर मी कॉलर ताठ केली असती. मी त्याला म्हटलं, "प्रार्थना करा, बिघडू दे."

मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी. मोठा हॉल, लांब रांगा. तिथल्या बाई म्हणाल्या, बाळ माझ्याकडे द्या, तुम्ही एकट्या या चौकटीतून जा. मी म्हटलं, देणार नाही. त्या म्हणाल्या, नियम आहे. मी म्हटलं, माझ्या मावशीचाही नियम आहे. मागून लोक चुळबुळ करायला लागले. शेवटी चादर सोडली आणि दिली गं. तुझी आठवण काढत दिली. चौकटीतून पलीकडे गेले, तर पिशवीत पाना सापडला म्हणून मला पडद्यामागे नेलं. पहिल्या विमानतळावर तो कुणाला दिसलाच नव्हता. प्रवासाच्या पिशवीत पाना कुणी ठेवतं का? मी ठेवते. तो पाना तिथंच राहिला, गेला तो गेला.

पडद्यामागे असतानाच तो आवाज आला.

आधी मला वाटलं, कुणाचं तरी पोर. मग अंगावर काटा आला. कधीच ऐकला नव्हता तो आवाज, तरी ओळखला. मावशी, काय रडली म्हणून सांगू! आधी नुसता घसा साफ केल्यासारखं, आणि मग असं भोकाड पसरलं की सगळा हॉल वळून बघायला लागला. मी पडदा बाजूला सारून अनवाणी धावले. बूट मशीनमध्येच होते. त्या बाई बिचाऱ्या घामाघूम, "मी काही केलं नाही हो, तुम्ही दिसेनाशा झालात आणि..." मुकादम त्यांच्या खांद्यावरून दोन्ही हात पसरून पडद्याकडे झेपावत होती. पडद्याकडे! मी जिथं गेले होते तिकडे.

मला बघितलं आणि अजून जोरात रडली. रागावलेली होती गं. कुठे गेली होतीस म्हणून ओरडत होती मला. मी घेतलं, तिनं माझ्या मानेला नखं लावून धरलं, आणि मी भर हॉलमध्ये हसत होते आणि रडत होते, दोन्ही. मागचा एक साहेब म्हणाला, "बाई, जरा गप्प करा ना तिला." मी म्हटलं, "नाही करणार. माझी मुलगी आहे, मला बोलावतेय."

तेव्हापासून सोडत नाहीये. दुसऱ्या विमानात चार तास रडली. जरा खाली ठेवलं की रडते. बाटली उशिरा दिली की रडते. हवाई सुंदरी हसली की रडते. पुढच्या खुर्चीतल्या माणसानं दोनदा मागे वळून बघितलं, तिसऱ्यांदा जागा बदलून घेतली. लोक माझे आभार मानतील असं लिहिलं होतं ना मी? एकही माणूस माझ्याशी बोलत नाहीये. कान दुखतायत, हात बधिर झालाय, आणि इतकी खूश मी आयुष्यात कधी नव्हते.

तक्रारवहीत पहिली नोंद झाली. तारीख चोवीस, वेळ सकाळी नऊ वीस. सही माझी.

आता खिडकीतून आपलं शहर दिसायला लागलंय. मुकादमबाई परत गळा काढतायत. बंद करते.

उचापत


२६ फेब्रुवारी

पोरी,

तू आणि माझी बहीण पोरीचं वजन करायला दवाखान्यात गेला आहात, तोवर लिहिते. तीस पावलांवरच्या दवाखान्यातून येशील तेव्हा हे तुझ्या उशीवर असेल. समोर बसून मला बोलता येत नाही, ते तुला ठाऊक आहे. तुझ्या पत्रांना उत्तरं दिली नाहीत, त्या सगळ्यांचं हे एक.

विमानतळावर आले नाही, कारण तू नको म्हणालीस आणि मीही तुझ्याइतकीच हट्टी. दारात उभी राहिले. तू मुलगी माझ्या हातात दिली नाहीस. बरं केलंस. मला राग आला नाही, थोडा आला.

मला भीती वाटत होती. तुझा बाप गेला तेव्हा तू सात महिन्यांची. दुकानात टोपलीत ठेवायचे तुला. गिऱ्हाईक दारात, इस्त्री तापलेली, आणि तू रडायचीस. दर वेळी हातातलं टाकून यायचे असं नाही, पोरी. कधी कधी यायचे नाही. ते मला आजही खातं. ते तुझ्या वाट्याला येऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. काल तुझं विमानातलं पत्र ऐकलं तेव्हा एक लक्षात आलं. मी चुकले असेन, पण तू रडायची कधी थांबली नाहीस. म्हणजे बरेचदा आले असेन.

आज सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा पोर रडली. मी उचलली. थोपटलं, खिडकीतली गाडी दाखवली, चावी वाजवून दाखवली. ऐकेना. बाथरूमच्या दाराकडे हात करून बोंब ठोकत होती. तू साबणासकट बाहेर आलीस आणि दोन मिनिटांत झोपली तुझ्या खांद्यावर. चाळीस वर्षांत मला कुणी एवढं सरळ नको म्हटलेलं नाही. फार आवडली मला.

तू आत असताना कडी लावत नाहीस, पायानं दार दाबून धरतेस, हे मी दोन दिवस बघते आहे. घसरून पडशील. तुझ्या पेटीतून स्क्रू काढायचं हत्यार घेतलं आणि कडी काढून टाकली. आधी उलटं फिरवत होते, मग जमलं. त्या जागी नाडी बांधली आहे, लंगोटाच्या कापडाची. आतून ओढली तरी सुटते, बाहेरून ओढली तरी सुटते. आता तिनं हाक मारली की तुला लगेच येता येईल. तुला उशीर झाला तर मी आहे.

मुकादमबाईंची आजी